सिगारेटच्या पाकिटातले पक्षी : १८८९ ची अमेरिकन कार्डं

चित्रसंग्रही
मंडळी, काडेपेट्यांच्या छापांवर चर्चा चालू असताना परदेशी पक्ष्यांच्या चित्रांचा विषय निघाला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. अमेरिकेत १८८० च्या दशकात सिगारेटच्या पाकिटातून पक्ष्यांची चित्रकार्डं मिळायची. ती गेली काही वर्षं मी मन लावून पाहतो आहे आणि त्यांच्याविषयी जाणकारांशी बोलायचं आहे.

थोडी पार्श्वभूमी. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात अ‍ॅलन अँड गिंटर ही तंबाखूची कंपनी होती. त्या काळी सिगारेटचं पाकीट म्हणजे नुसता मऊ कागद. खिशात ठेवलं की आतला माल चेपायचा, म्हणून आधाराला जाडसर कागदाचा एक तुकडा घालत. त्या तुकड्यावर चित्र छापलं आणि चित्रांची मालिका केली, तर गिऱ्हाईक पुढचं पाकीटही आपलंच घेईल, हे या कंपनीने फार लवकर ओळखलं. नट्या, मुष्टियोद्धे, बेसबॉलचे खेळाडू, देशोदेशींचे झेंडे, मूलनिवासी सरदार, मासे, सगळं येऊन गेलं. आणि पक्षी. १८८८ मध्ये 'अमेरिकेतले पक्षी', १८८९ मध्ये 'उष्ण कटिबंधातले पक्षी', १८९० मध्ये 'जगातले गाणारे पक्षी'. प्रत्येक मालिकेत ५० कार्डं. एक कार्ड साधारण ७ सेंटिमीटर उंच आणि ३.८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन बोटांत मावेल एवढं.

माझा जीव जडलाय तो मधल्या मालिकेवर. रिचमंडमधल्या ज्या माणसाने ते पाकीट फोडलं त्याने टूकन किंवा नंदनपक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) जन्मात पाहिला नसणार. त्याच्या हातात पडलेली ही पहिली रंगीत प्रतिमा. माझा प्रश्न असा की, ज्याने चित्र काढलं त्याने तरी तो पक्षी पाहिला होता का? कार्डावर चित्रकाराचं नाव नसतं. मग ही चित्रं कशावरून काढली गेली? छपाईतले आणि पक्ष्यांतले जाणकार इथे आहेत. जरूर लिहा.

ज्यांना चित्रं पाहायची आहेत त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर बर्डिक संग्रह शोधावा. 'एन ५' हा या मालिकेचा क्रमांक. तिथली बरीचशी चित्रं मोफत उतरवून घेता येतात.

शिळाछाप
उत्तम विषय. वडिलांचा छापखाना होता, त्यामुळे छपाईच्या बाजूने लिहितो.

ही कार्डं शिळाछापाची, म्हणजे क्रोमोलिथोग्राफी. जर्मनीत बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरतं आणि तेलकट रेघेवर शाई. एवढंच तत्त्व. पण रंग बदलला की दगड बदलला. पिवळ्याचा एक, फिक्या निळ्याचा एक, गडद निळ्याचा आणखी एक, अंगाच्या रंगाचा, लालाचा, राखाडीचा, शेवटी काळ्या रेघेचा. आठ-दहा दगड सहज लागायचे. प्रत्येक वेळी कागद अगदी त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी पोपटाची चोच डोळ्यात जाते.

आणि रंगांच्या मधल्या छटा? त्या ठिपक्यांनी. आजच्यासारखी जाळी नाही, हाताने दिलेले ठिपके. दगडावर काम करणारा कारागीर निबने एकेक ठिपका ठेवायचा. भिंगाखाली पाहा, ठिपके कुठे दाट, कुठे विरळ, कुठे लांबट झालेले दिसतील. छातीवरून पोटाकडे जाताना रंग कसा उतरतो, हे त्या माणसाला आठ वेगवेगळ्या दगडांवर वेगवेगळं विचार करून ठरवावं लागायचं, कारण पूर्ण चित्र त्याच्यासमोर शेवटच्या दगडापर्यंत येतच नसे.

एक मूळ दगड तयार झाला की त्याचे ठसे खास कागदावर घेऊन मोठ्या दगडावर ओळीने उतरवत. त्यामुळे एका तावावर अनेक कार्डं एकदम छापून मग कापली जात. म्हणून काही कार्डांची कड तिरकी कापलेली सापडते.

आता मूळ प्रश्न. दगडावर चित्र काढणारा माणूस पक्षी बघून काढत नसे, हे मी खात्रीने सांगतो. त्याच्या टेबलावर रंगवलेला नमुना असे. तो नमुना कशावरून आला, ते पक्षीवाल्यांनी सांगावं.

सातभाई
शिळाछाप काका, फार छान समजावलंत. पक्ष्यांच्या बाजूचं मी लिहितो.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत उष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांची जी चित्रं निघाली, त्यांतली बहुतेक कातड्यांवरून काढलेली आहेत. पक्षी मारायचा, आतलं मांस काढून टाकायचं, कातडं पिसांसकट सुकवायचं, कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि बोटीने पाठवायचं. संग्रहालयाच्या खणात ती कातडी उताणी, पंख मिटून झोपवलेली असतात. चित्रकार त्यावरून पक्ष्याला 'उभा' करायचा. नाहीतर दुसऱ्या कुणी कातड्यावरून काढलेल्या चित्राची नक्कल करायचा. लंडनचे जॉन गूल्ड यांनी १८३० च्या दशकातच टूकन आणि ट्रोगन या कुळांवर स्वतंत्र सचित्र ग्रंथ काढले होते. तसली पुस्तकं चित्रकारांना हाताशी होती.

कातड्यात पिसांचा रंग बराच टिकतो, पण उघड्या कातडीचा आणि चोचीचा रंग उडतो. इथेच घोटाळा होतो. टूकनची चोच जिवंतपणी पिवळी, नारिंगी, हिरवी, लाल, जातीप्रमाणे काहीही असेल. मेल्यावर ती हळूहळू मळकट होते. डोळ्याभोवतीची निळी किंवा हिरवी कातडी तर काळपट पडते. बुबुळाचा रंग उरतच नाही, कारण डोळा काढून तिथे कापूस भरलेला असतो. म्हणून जुन्या चित्रात पिसं नेमकी असतात आणि डोळा कुठल्या तरी भलत्याच रंगाचा असतो. मी जुनं चित्र हातात आलं की आधी डोळा आणि चोचीचं बूड पाहतो. तिथे चित्रकार खरा उतरला असेल तर त्याने जिवंत पक्षी पाहिला असण्याची शक्यता आहे.

आपल्याकडचं उदाहरण देतो. कोकणात ज्याला गरुड म्हणतात तो मोठा धनेश. त्याच्या पंखावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर, मानेवर आणि चोचीवरच्या शिंगावर जी पिवळी झाक असते, ती पिसांतली नव्हे. शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, तिथलं पिवळं तेल तो चोचीने अंगाला चोळतो. रोज चोळतो. मेल्यावर ते चोळणारं कुणी उरत नाही. चिपळूण-देवरूखच्या बाजूला फुललेल्या पांगाऱ्यावर किंवा फळलेल्या वडावर बसलेला धनेश ज्याने पाहिलाय, त्याला संग्रहालयातला फिकट धनेश ओळखीचा वाटत नाही. कातड्यावरून चित्र काढणाऱ्याला हा पिवळा रंग कळणार कसा?

नंदनपक्ष्याची गोष्ट तर त्याहून मोठी आहे. न्यू गिनीतले लोक कातडं तयार करताना पाय काढून टाकत. मॅगेलनच्या सफरीतलं उरलेलं जहाज १५२२ साली स्पेनला परतलं तेव्हा अशी कातडी युरोपात पोचली. पाय नाहीत म्हणजे हा पक्षी जमिनीवर उतरतच नाही, दव पिऊन आकाशातच राहतो, अशी समजूत झाली. लिनियसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं ते 'अपोडा', म्हणजे बिनपायांचा. १८८९ पर्यंत पाय असल्याचं सगळ्यांना ठाऊक झालं होतं, पण हा पक्षी नाचताना पिसं कशी उधळतो, हे फारच थोड्या युरोपियनांनी पाहिलं होतं.

मृण्मयी
अप्रतिम माहिती सातभाई. धनेशाचं तेल माहीत नव्हतं. पण जिवंत पक्षी पाहून काढलेलं काहीच नव्हतं का? प्राणिसंग्रहालयं होती ना?

सातभाई
होती. मृण्मयीताई, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात एडवर्ड लिअर या तरुणाने १८३० च्या सुमारास जिवंत पोपट समोर ठेवून चित्रं काढली. तेव्हा तो विशीसुद्धा गाठलेला नव्हता. रखवालदार पोपट धरायचा आणि लिअर मोजमापं घ्यायचा. त्या पोपटांचे डोळे पाहा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा दिसतो.

पोपट, काकाकुवा, मकाव हे पक्षी पिंजऱ्यात दाणे-फळं खाऊन तगतात, बोटीचा प्रवास सोसतात. त्यामुळे ते युरोप-अमेरिकेत जिवंत पोचले आणि चित्रकारांना बघायला मिळाले. गुंजन पक्षी (हमिंगबर्ड), सनबर्ड, नंदनपक्षी, क्वेट्झल यांचं तसं नव्हतं. माझं मत असं की, कार्डांच्या मालिकांमध्येही हा फरक दिसतो. पोपटवर्गीय पक्षी फांदीवर नीट बसलेले वाटतात, पायाची पकड बरोबर असते. बाकीचे फांदीवर ठेवल्यासारखे दिसतात.

शिळाछाप
अगदी खरं. आणखी एक सांगतो. मोराचं पीस घ्या. त्यात निळा रंगकण नसतोच. पिसाच्या बारीक रचनेवर प्रकाश पडून निळा-हिरवा चमकतो. गुंजन पक्ष्याच्या गळ्याचंही तसंच. हा रंग कुठल्याच शाईत नाही, आजही नाही. गूल्डने गुंजन पक्ष्यांच्या चित्रांत सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग आणि वार्निश चढवलं होतं, ते हाताने, श्रीमंत वर्गणीदारांसाठी. सिगारेटच्या कार्डाला एवढा खर्च परवडणार नाही. मग शिळाछापवाला काय करतो? चमकणाऱ्या भागाशेजारी एकदम गडद सावली ठेवतो आणि मध्ये कागद थोडा कोरा सोडतो. डोळा फसतो आणि चमक दिसते. ही कारागिरी मला त्या सोन्यापेक्षा मोठी वाटते.

रेवा
धागा वाचते आहे आणि आनंद होतोय, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. ही कार्डं ज्या वर्षांत निघाली, त्याच वर्षांत हे पक्षी बायकांच्या टोप्यांवर बसत होते. शब्दशः. नुसती पिसं नव्हे, अख्खे पक्षी.

फ्रँक चॅपमन या तरुण पक्षी अभ्यासकाने १८८६ साली न्यूयॉर्कच्या खरेदीच्या भागात दोन दुपारी फिरून टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसं होती आणि त्यांत त्याला ४० जाती ओळखता आल्या. उष्ण प्रदेशातून येणारा माल वेगळाच. लंडनच्या लिलावांत गुंजन पक्षी, नंदनपक्षी, ट्रोगन यांची कातडी गठ्ठ्यांनी विकली जात. सातभाई ज्या कातड्यांबद्दल बोलतात, त्यांतली सगळी शास्त्रासाठी आलेली नव्हती. व्यापाराच्याच वाटेने ती यायची. आधी पिसांचा बाजार, मग उरलीसुरली अभ्यासकाकडे, असंही पुष्कळदा घडे.

सगळ्यात वाईट हाल बगळ्यांचे झाले. बगळ्याला विणीच्या काळातच पाठीवर ती तलम तुऱ्यासारखी पिसं येतात. म्हणजे शिकारी घरट्यावरच जाणार. आईबाप मारले की पिल्लं घरट्यात उपाशी मरायची. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत या पिसांना औंसाला ३२ डॉलर मिळत. सोन्याचा भाव तेव्हा औंसाला २० डॉलरच्या आसपास होता.

आणि १८८९ हेच साल बघा. 'उष्ण कटिबंधातले पक्षी' बाजारात आले त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ डिड्सबरीत एमिली विल्यमसन या बाईंनी पिसं न वापरण्याची शपथ घेणाऱ्या बायकांची संघटना काढली. आजची ब्रिटनची शाही पक्षीसंरक्षण संस्था तिच्यातूनच उभी राहिली. १८९६ मध्ये बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी तिथल्या श्रीमंत घरांतून चहाच्या बैठका घेऊन तेच काम केलं. त्या बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता. तरी अमेरिकेत १९०० मध्ये लेसी कायदा आणि १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा झाला. ब्रिटनने पिसांची आयात बंद करायला १९२१ साल उजाडलं.

आपण त्याआधीच होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्येच पक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर पाठवायला बंदी केली. चोरटा व्यापार त्यानंतरही चालू राहिला, आणि सिंधमध्ये तर तलावांच्या काठी बगळे पाळून त्यांची पिसं काढण्याचा धंदा होता. मारण्यापेक्षा पाळणं बरं की वाईट, यावर तेव्हा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातही लिहिलं गेलं.

म्हणून मला ही कार्डं नुसती गोड वाटत नाहीत.

वैनतेय
रेवाताई, माहिती मोलाची आहे, पण कार्डांवर त्याचं ओझं टाकू नये असं वाटतं. टोपीवाल्यांनी पक्षी मारले. कार्डवाल्यांनी कागदावर छापले. एखाद्या गरीब पोराने बापाच्या पाकिटातून मकावचं कार्ड घेतलं असेल तर त्याला पक्षी आवडायलाच लागला असेल ना? पक्षीप्रेम अशाच गोष्टींतून रुजतं.

रेवा
ओझं टाकत नाहीये वैनतेय. दोन्ही गोष्टी एकाच ग्राहकाकडे जात होत्या, एवढंच म्हणते. नवऱ्याच्या खिशात क्वेट्झलचं कार्ड आणि बायकोच्या टोपीवर त्याचंच पीस. हे दोन्ही 'लांबून आलेलं, झगझगीत, दुर्मिळ' या एकाच हौसेवर विकलं जात होतं. पोराला पक्षी आवडला असेल हे मला मान्यच आहे. पण कार्डावर पक्षी कुठे राहतो, काय खातो, संख्येने उरलाय का, यातलं काय होतं? सिगारेटच्या या मालिकांच्या पाठीवर बहुधा कंपनीचं नाव आणि ५० नावांची यादी असे.

चित्रसंग्रही
या वादात एक दुवा जोडतो. तुलनेसाठी आर्म अँड हॅमर या खाण्याच्या सोड्याच्या कंपनीची कार्डं घ्या. तीही १८८० च्या दशकाच्या शेवटीच सुरू झाली, पण ती पोचायची स्वयंपाकघरात. पुढे विसाव्या शतकात त्यांनी लुई अगासी फ्युर्टेस या चित्रकाराकडून पक्षी काढून घेतले. हा माणूस जंगलात जाऊन जिवंत पक्षी पाहणारा. मेक्सिको, कोलंबिया, इथिओपियापर्यंत गेला. ताजा पक्षी हातात आला की आधी डोळ्याचा आणि चोचीचा रंग टिपायचा, बाकीचं नंतर. सातभाई म्हणतात तो धोका त्याला पक्का ठाऊक होता. त्याच्या कार्डांच्या मागे पक्षी किती किडे खातो, शेतकऱ्याला कसा उपयोगी, ही माहिती असे आणि 'सर्वांच्या भल्यासाठी पक्ष्यांचा नाश करू नका' अशा अर्थाची ओळही.

फरक असा की ते सगळे अमेरिकेतलेच पक्षी होते. घरचा पक्षी वाचवायला लोक तयार झाले. दूरदेशीचा पक्षी मात्र बराच काळ शोभेचाच राहिला. रेवाताईंचा मुद्दा मला इथे पटतो.

लेस्टरकर_अनु
मी इंग्लंडमध्ये असते, इथली थोडी भर. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, कागदटंचाईमुळे सिगारेटची कार्डं बंद झाली. त्याआधी प्लेअर्स कंपनीने १९३३ मध्ये 'पिंजऱ्यातले पक्षी' अशी ५० कार्डांची मालिका काढली होती. युद्धानंतर ती जागा चहाने घेतली. आपल्या ओळखीचा ब्रुक बाँड! १९५४ पासून त्यांच्या चहाच्या पुड्यांत कार्डं यायची आणि ती चिकटवायला दुकानात सहा पेन्सला वही मिळायची. १९६१ मध्ये 'उष्ण कटिबंधातले पक्षी' ही मालिका आली, म्हणजे अ‍ॅलन अँड गिंटरचंच नाव पुन्हा. चित्रकार चार्ल्स टनिक्लिफ. त्यानेच १९६२ मध्ये 'आशियातलं वन्यजीवन' केलं.

टनिक्लिफ वेल्सच्या अँगलसी बेटावर खाडीच्या काठी राहायचा. मेलेला पक्षी मिळाला की तो मूळ आकारात, पीस न् पीस मोजून काढायचा. जिवंत पक्ष्यांच्या वह्या वेगळ्या. त्याची ती मोजमापांची चित्रं त्याच बेटावरच्या संग्रहालयात आहेत. बघताना अंगावर काटा येतो. इथल्या रविवारच्या बाजारांत चहाची कार्डं अजून सहज मिळतात आणि ती स्वस्त आहेत. ज्याला संग्रह सुरू करायचाय त्याने १८८९ च्या मागे न धावता इथून सुरुवात करावी असं मी सांगेन.

मृण्मयी
अनुताई, हे फार आवडलं. भारतात अशी पक्ष्यांची कार्डं निघाली होती का?

शिळाछाप
भारतात विल्सची 'सीझर्स' सिगारेट पहिल्या महायुद्धाआधीपासून गोऱ्या शिपायांत खपायची आणि तिच्यात कार्डं असत. पण ती बहुतेक नट्यांची, पलटणींची. पूर्वेकडच्या बाजारांसाठी विल्सने 'झगझगीत पिसांचे पक्षी' अशीही एक मालिका काढली होती. छपाई सगळी विलायतेची.

तंत्र मात्र आपल्याकडे तेव्हाच आलं होतं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो याच शिळाछापाचा. दगड, यंत्र, तंत्रज्ञ सगळं जर्मनीतून. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो चालवला. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि रिचमंडच्या पाकिटातला पोपट, दोन्हींत ठिपके देण्याची हातोटी तीच आहे. सरस्वतीच्या पायाशी असलेला मोर भिंगाखाली पाहा, मी वर लिहिलं तशीच गडद सावलीशेजारी कोरी जागा सापडते.

कोरीपाटी
मी नवीन आहे, वाचनमात्र होतो. एका संकेतस्थळावर 'उष्ण कटिबंधातले पक्षी' मधली काही कार्डं विकायला दिसली. खरी की नक्कल हे कसं ओळखायचं? आणि घेतली तर मुंबईच्या हवेत टिकतील का?

दप्तरी
कोरीपाटी, स्वागत. कागदांच्या जतनाचं काम करते म्हणून सांगते.

आधी छपाई पाहा. दहापट भिंग घ्या. शिळाछाप काकांनी सांगितले तसे अनियमित ठिपके आणि सलग रंगाचे थर दिसले तर ठीक. निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची एकसारखी जाळी, फुलासारखी नक्षी दिसली तर ती आजची ऑफसेट नक्कल आहे. हे एकच काम केलंत तरी निम्म्याहून अधिक नकली कार्डं बाजूला पडतात. विक्रेत्याकडे कडेचा आणि डोळ्याजवळचा मोठा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

नंतर अंधारात अतिनील दिवा टाका. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात आणि ती निळसर उजळतात. १८८९ चा कागद तसा उजळता कामा नये. जुन्या कागदाला कडेने पिवळेपणा येतो, तोही सगळीकडे सारखा नसतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद एकसारखा तपकिरी दिसतो आणि छिद्रांत रंग जास्त बसतो.

पाठ नेहमी पाहा. त्या काळी लोक कार्डं वहीत चिकटवत, त्यामुळे मागे खळीचे डाग किंवा सोललेला कागद असणं हे उलट खरेपणाचंच लक्षण. किंमत कमी होते, पण शिकायला अशी कार्डं उत्तम. डाग काढायला घरी पाणी लावू नका.

मुंबईच्या हवेत शत्रू तीन : ओल, कसर आणि ऊन. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांत ठेवू नका, ती काही वर्षांत चिकट होतात आणि रंग ओढतात. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं मिळतात, ती घ्या. डबा भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या वेळेवर गरम करून वाळवा, नाहीतर त्या नुसत्या पडून राहतात. पावसाळा संपला की एका कोरड्या दिवशी सगळं बाहेर काढून सावलीत तपासा. डांबराच्या गोळ्या कार्डांजवळ नकोत.

चित्रसंग्रही
दप्तरीताई, हे पहिल्या पोस्टमध्ये जोडून ठेवतो.

पाठीवरून आठवलं. मेटमधला, म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियममधला संग्रह ज्यांनी दिला त्या जेफरसन बर्डिक यांच्याबद्दल लिहायलाच हवं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा हा माणूस विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करायचा. पैसा बेताचा, लग्न नाही, आणि संधिवाताने सांधे आखडत चाललेले. 'एन ५' सारखे जे क्रमांक आपण आज वापरतो, ते त्यांच्याच सूचीतले. १९४७ पासून त्यांनी आपला तीन लाखांहून जास्त वस्तूंचा संग्रह मेटला द्यायला घेतला. पुढे न्यूयॉर्कलाच राहायला गेले आणि संग्रहालयात बसून दुखऱ्या बोटांनी कार्डं वह्यांत लावत राहिले. ते काम जानेवारी १९६३ मध्ये संपलं आणि मार्चमध्ये ते वारले. बेसबॉलच्या कार्डांसाठी त्यांचं नाव घेतात. पण हे पक्षीसुद्धा आज आपण मुंबई-पुण्यात बसून पाहू शकतो ते त्यांच्यामुळेच. दुसऱ्या कुणी ही कागदं केव्हाच रद्दीत घातली असती.

दप्तरी
हो, आणि वहीत चिकटवलेल्या कार्डाची पाठ दिसत नाही, हे संशोधनाच्या दृष्टीने नुकसान आहे. पण तेव्हा तीच पद्धत होती. सुटी ठेवली असती तर अर्धी हरवली असती.

सातभाई
चित्रसंग्रही, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कार्डं बघूनच काढता येईल असं मला वाटतं. मेटवरची ५० कार्डं समोर घेऊन प्रत्येक पक्ष्याचं तीन बाबतींत टिपण करू : बुबुळाचा रंग, डोळ्याभोवतीची उघडी कातडी, आणि पायाची पकड. पोपटवर्गीय एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. माझा अंदाज खरा असेल तर पहिल्या गटात रंग पुष्कळ जुळतील आणि दुसऱ्यात चुकतील. मागे कार्डावर छापलेली जुनी इंग्रजी नावं आता बदलली आहेत, ती आजच्या जातींशी जुळवायचं काम मी करतो.

रेवा
मी टोप्यांच्या बाजाराची बाजू बघते. लंडनच्या लिलावांत कुठले पक्षी येत होते ते नोंदवून ठेवलेलं आहे. ५० पैकी किती पक्षी त्या यादीत सापडतात ते जुळवून पाहू.

शिळाछाप
मी दगड मोजतो. मोठ्या आकाराच्या फोटोत किती रंग स्वतंत्र छापलेत ते बरंचसं ओळखता येतं. टूकन आणि मकाव आधी पाठवा.

चित्रसंग्रही
पहिली दहा चित्रं आज रात्री टाकतो. टूकन आणि मकाव त्यांत असतील. कोरीपाटी, तुम्हीही या, भिंगाची गरज नाही, पडद्यावर मोठं करून पाहिलं तरी चालेल.